गुप्तरोग, वंध्यत्व आणि दोषाचे वाटप : मुंबई इलाख्यापासून भिवंडीपर्यंतचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत 'वांझ' हा शब्द स्त्रीसाठी वापरला जातो. 'वांझोटा' असे पुल्लिंगी रूप भाषेत आहे. परंतु ते चर्चेला, वादाला किंवा एखाद्या झाडाला लावले जाते, पुरुषाला क्वचितच. पुरुषासाठी 'नपुंसक' हा शब्द आहे खरा, तथापि त्याचा अर्थ निराळा आहे. तो समागमाच्या असमर्थतेविषयी बोलतो. जो पुरुष समागमास समर्थ आहे परंतु ज्याचे बीज निष्फळ आहे, अशासाठी नित्याच्या मराठीत शब्दच नाही. आणि जो पुरुष स्वतः एखादा रोग घरी आणतो व त्यामुळे ज्याची पत्नी आयुष्यभरासाठी अपत्यहीन होते, अशा पुरुषासाठी शब्द असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भाषेतील ही पोकळी योगायोगाने निर्माण झालेली नाही. तिच्यामागे वैद्यक, कायदा आणि कुटुंबव्यवस्था यांचा दीर्घ इतिहास आहे.

लैंगिक संबंधातून पसरणारे रोग आणि प्रजननक्षमता यांच्या संबंधाचा हा इतिहास मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्रात कसा घडला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचा शेवट भिवंडीत होतो, कारण स्थलांतरित पुरुषांच्या या यंत्रमागनगरीत हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. रोगाची गणना कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, तसेच अपत्यहीनतेचा दोष कोणाच्या पदरात पडला, हे दोन प्रश्न या मांडणीच्या केंद्रस्थानी आहेत.

फिरंग, गरमी आणि परमा

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंग' नावाच्या रोगाचे वर्णन येते. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर पश्चिम किनाऱ्यावर जो सिफिलिस पसरला, त्याचेच हे नाव होय. पारदाचे कल्प आणि चोपचिनी हे त्यावरील उपचार म्हणून सांगितले गेले. परकीयाच्या नावावर रोग खपविण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. इटालियनांनी त्याला फ्रेंच रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हटले. आपण त्याला फिरंग्याचा रोग म्हटले, इतकेच.

लोकभाषेत मात्र दोन शब्द रुजले : गरमी आणि परमा. गरमी म्हणजे सिफिलिस किंवा उपदंश आणि परमा म्हणजे गनोरिया किंवा पूयमेह. ही जोडी इतकी रूढ झाली की वैदूंच्या आणि भिंतींवरच्या जाहिरातींत दोन्ही रोग एकाच श्वासात उच्चारले जात. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत अनेक वैद्य दोन्हींना एकच रोग समजत होते. त्यांचे वेगळेपण एकोणिसाव्या शतकात सर्वमान्य झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण हे दोन रोग प्रजननावर दोन निरनिराळ्या मार्गांनी आघात करतात. आपल्या आयाबायांच्या बोलण्यात हा भेद निराळ्या प्रकारे व्यक्त होतो. एकीला 'दिवसच राहत नाहीत' आणि दुसरीला 'दिवस राहतात पण टिकत नाहीत'. उपदंशाचा जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो; त्यामुळे गर्भपात होतात, मृत मूल जन्मते, किंवा जन्मलेले मूल रोगग्रस्त असते. पूयमेहाची गोष्ट वेगळी. तो गर्भधारणेचीच वाट अडवितो.

ही वाट कशी अडते हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व सामाजिक गुंतागुंत त्यातूनच निर्माण झाली. पूयमेहाचा जंतू प्रथम गर्भाशयाच्या मुखाशी ठाण मांडतो. तेथून तो, किंवा त्याच्या जोडीने इतर जंतू, गर्भाशयातून वर चढून बीजवाहिन्यांपर्यंत जातात. बीजवाहिनीच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या हालचालीने बीज पुढे सरकते. दाहामुळे हे अस्तर नष्ट होते, व्रण भरून येताना वाहिनीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि मार्ग बंद होतो. अर्धवट बंद झाला तर गर्भ वाहिनीतच अडकून स्त्रीच्या जिवावर बेतते. पुरुषामध्ये शुक्रवहनाचा मार्ग अशाच प्रकारे बंद होऊ शकतो. परंतु पुरुषाला बहुधा जळजळ व पू या लक्षणांनी रोगाची सूचना मिळते. स्त्रीला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, किंवा जे जाणवते ते 'अंगावरून पांढरे जाणे' म्हणून बाईपणाच्या भोगात जमा होते. ज्याला रोगाची जाणीव आहे तो उपचार घेऊन मोकळा होतो आणि जिला जाणीव नाही तिचे नुकसान कायमचे होते.

नोएगेराथचे अप्रिय प्रतिपादन

इ. स. १८७२ मध्ये न्यूयॉर्क येथे व्यवसाय करणाऱ्या एमिल नोएगेराथ या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पूयमेहातून बरा झालेला समजला जाणारा पुरुष प्रत्यक्षात बरा झालेला नसतो. विवाहानंतर तो पत्नीला रोग देतो आणि अनेक स्त्रियांचे वंध्यत्व हे पतीच्या या सुप्त रोगाचे फळ असते, असे त्याचे प्रतिपादन होते. तत्कालीन वैद्यकविश्वाने त्याची खिल्ली उडविली. प्रतिष्ठित कुटुंबांतील पतींवर असा आरोप करणे त्यांना अशिष्ट वाटले असावे. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर याने पूयमेहाचा जंतू शोधून काढला आणि नोएगेराथचे म्हणणे, त्याने गाठलेल्या टोकाच्या प्रमाणात नसले तरी तत्त्वतः, खरे ठरले.

क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूची भूमिका उमगण्यास आणखी शंभर वर्षे लागली. तो जवळजवळ लक्षणांविना वाहिन्यांचे नुकसान करतो हे १९७० च्या दशकात स्वीडनमधील संशोधनाने स्पष्ट झाले. याच देशातील लुंड येथे वेस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केलेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओटीपोटातील दाहाच्या एका प्रसंगानंतर सुमारे ८ टक्के, दोन प्रसंगांनंतर सुमारे २० टक्के आणि तीन वा अधिक प्रसंगांनंतर सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये वाहिन्यांच्या दोषामुळे वंध्यत्व आढळले. वेळेवरचा उपचार व पुनःसंसर्ग टाळणे याचे महत्त्व या आकड्यांवरून ध्यानात येते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. भारतात बंद झालेली प्रत्येक बीजवाहिनी लैंगिक संसर्गामुळेच बंद झाली असे मानणे चुकीचे ठरेल. जननमार्गाचा क्षयरोग हे आपल्याकडील एक मोठे कारण आहे. अस्वच्छ बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात यांतूनही हाच परिणाम होतो. स्त्रीवरचा दोष काढून तो सरसकट पतीवर टाकणे म्हणजे एका अन्यायाच्या जागी दुसरा बसविणे होय.

छावणी, कामाठीपुरा आणि १८६८ चा कायदा

ब्रिटिश सरकारला या रोगांची चिंता वाटली ती प्रजेच्या अपत्यांसाठी नव्हे, तर गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी हद्दीतील वेश्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. १८६८ चा चौदावा कायदा, म्हणजे भारतीय सांसर्गिक रोग कायदा, याने हीच व्यवस्था नागरी वस्तीत आणली. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. नोंदणीकृत स्त्रीने ठराविक काळाने तपासणीस हजर व्हावे, रोग आढळल्यास तिला 'लॉक हॉस्पिटल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात डांबावे, असे त्याचे स्वरूप होते. खर्चाचा वाटा कोणी उचलावा यावरून नगरपालिका व सरकार यांच्यात वाद झाला, अनेक स्त्रियांनी नोंदणी चुकविली आणि १८७२ मध्ये अंमलबजावणी थांबली. १८८० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने तेथील कायदे १८८६ मध्ये रद्द करविले. पाठोपाठ १८८८ मध्ये भारतातील कायदाही गेला.

या कायद्यात तपासणी होती ती केवळ स्त्रीची. तिच्याकडे जाणारा पुरुष कायद्याच्या दृष्टीने अदृश्य होता. या असमानतेवर बरेच लिहिले गेले आहे. परंतु अभ्यासकांचे त्या मानाने कमी लक्ष गेलेली आणखी एक बाब आहे. शिपायांच्या रोगाचे आकडे लष्करी अहवालांत दर हजारी मांडलेले सापडतात. १८९५ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात हे प्रमाण दर हजारी ५०० रुग्णालय-दाखल्यांच्या वर गेले होते, म्हणून लंडनपर्यंत खळबळ उडाली. वेश्यांच्या नोंदवह्याही आहेत. पण कामाठीपुऱ्याहून घरी परतणाऱ्या पुरुषाची पत्नी या सगळ्या कागदपत्रांत कोठेच नाही. तिला रोग झाला का, तिला मूल झाले का, हे कोणी विचारले नाही. इतिहासकाराला उपलब्ध असलेले दप्तरच असे अर्धे आहे.

ही पत्नी दवाखान्यात येणेही सोपे नव्हते. पुरुष डॉक्टरकडून आतून तपासणी करून घेण्यास कुलीन घरची स्त्री तयार होत नसे. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेले कामा रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्या हाती सोपविण्यात आले आणि एडिथ पेची यांनी तेथे काम केले, ही घटना या दृष्टीने मोलाची ठरते. तथापि तेथे पोहोचणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या आणि खेड्यांत तर अशी सोय शतकभर झाली नाही.

दरम्यान मुंबईतील गिरण्यांनी कोकण व घाटावरील पुरुषांना शहरात खेचून आणले होते. बायकामुले गावी आणि पुरुष खोलीत किंवा खानावळीत, अशी विभागणी झाली. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम ५०० च्या वर होत्या. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराबरोबर केवळ पगार आणि खाऊच जात असेल असे मानण्याचे कारण नाही. पुढे भिवंडीचा विचार करताना या व्यवस्थेची आठवण ठेवावी लागेल.

रघुनाथ धोंडो कर्वे : न ऐकलेला गणिती

या मौनाला मराठीत पहिला पद्धतशीर तडा दिला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी (१८८२ ते १९५३). महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. कर्व्यांच्या या प्रचारामुळे त्यांना १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते प्रायः एकहाती चालविले. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर हे शक्य झाले नसते.

कर्व्यांचे नाव संततिनियमनाशी इतके जोडले गेले आहे की त्यांच्या कार्याची दुसरी बाजू झाकोळली जाते. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. संतती नको असलेल्यांचा हा कैवारी रोगामुळे संतती न होणाऱ्यांच्याही प्रश्नाला भिडत होता. यात विसंगती नाही. मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार आणि रोगाने ते कधीच होऊ नये असे न घडण्याचा अधिकार, दोन्ही स्त्रीच्या शरीरावरील तिच्या स्वामित्वातूनच निघतात. त्यांनी हा प्रश्न पापपुण्याच्या क्षेत्रातून काढून आरोग्याच्या क्षेत्रात आणला. रोग हा रोग आहे, शिक्षा नव्हे, ही भूमिका आज साधी वाटते. त्या काळी ती सहन होण्यासारखी नव्हती.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरविली गेली. या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. निकाल विरोधात गेला व २०० रुपये दंड झाला. वाचकाने आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारणे आणि संपादकाने त्याचे उत्तर देणे हाच गुन्हा ठरत असेल, तर रोगग्रस्त पतीने किंवा अपत्यहीन पत्नीने जावे कोठे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उत्तर शहरातील भिंतींवर रंगविलेले होते : गरमी-परम्याची खात्रीशीर औषधे देणाऱ्यांकडे. शास्त्रीय माहिती न्यायालयात आणि भोंदूपणा चव्हाट्यावर, अशी ही विभागणी होती.

कायद्याने पाहिलेला रोग

विवाहविषयक कायद्यांनी या रोगाची दखल घेतली, हे नमूद केले पाहिजे. १९३६ च्या पारशी विवाह कायद्यात जोडीदारास गुप्तरोगाचा संसर्ग करणे हा घटस्फोटाचा आधार मानला गेला. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने पतीस तीव्र स्वरूपाचा गुप्तरोग असल्यास पत्नीला न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेण्याचा अधिकार दिला. भिवंडीसारख्या मुस्लिमबहुल शहराच्या संदर्भात हे कलम विशेष लक्षणीय आहे, कारण येथे कायद्याने पत्नीच्या बाजूने पतीच्या रोगाकडे पाहिले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात संसर्गजन्य गुप्तरोग हे कारण होते. परंतु रोग किमान तीन वर्षे असला पाहिजे अशी अट होती. तीन वर्षांत बीजवाहिन्यांचे काय होते हे वर पाहिलेच आहे. ही अट १९७६ च्या दुरुस्तीने निघाली. कलमे असली तरी पुरावा कोठून आणावा, हा प्रश्न उरतोच. पतीने तपासणी करून घेतलीच नाही तर पत्नीच्या हाती केवळ संशय राहतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, मनुस्मृतीने वंध्या पत्नीच्या जागी आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा दिली होती आणि मुंबई प्रांतात हिंदूंमधील बहुपत्नीत्व १९४६ च्या कायद्यापर्यंत वैध होते. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी आणली, दुसरीलाही झाले नाही, तरीही तपासणी दोघींची, ही कथा महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या घराण्यात ऐकावयास मिळते. दोन पत्नींची अपत्यहीनता हा पतीविषयीचा पुरावा आहे, हे साधे तर्कशास्त्र कोणाच्या ध्यानी आले नसेल असे नाही. ते उच्चारण्याची सोय नव्हती.

१९५४ चा औषधी व जादूई उपचार कायदा या संदर्भात वाचण्याजोगा आहे. ज्या रोगांच्या उपचारांची जाहिरात निषिद्ध आहे त्यांच्या अनुसूचीत गुप्तरोग आहेत आणि 'स्त्रियांचे वंध्यत्व' हीही नोंद आहे. पुरुषासाठी लैंगिक दौर्बल्याची नोंद आहे. पुरुषाच्या वंध्यत्वाची स्वतंत्र नोंद नाही. प्रास्ताविकात मांडलेली भाषेतील पोकळी कायद्याच्या अनुसूचीतही जशीच्या तशी उतरलेली दिसते.

पेनिसिलिन, लूप आणि नियोजनाचे युग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले आणि दोन्ही जुने रोग काही दिवसांत बरे होऊ लागले. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. औषध देशात तयार होऊ लागले. मध्य आफ्रिकेत, जेथे कित्येक जमातींत अपत्यहीनतेचे प्रमाण भयावह होते, तेथे पेनिसिलिनच्या मोहिमांनंतर जन्मदर वाढल्याचे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. भारतात मात्र चिंता नेमकी उलटी होती. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शासनाच्या लेखी प्रजनन म्हणजे आवरावयाची गोष्ट ठरली. ज्यांना मूल होत नाही त्यांचा प्रश्न हा प्रश्नच उरला नाही.

१९६५ पासून लूपची मोठी मोहीम राबविली गेली. स्त्रीच्या जननमार्गात आधीच संसर्ग असेल तर लूप बसविताना तो वर चढण्याचा धोका असतो. म्हणून पूर्वतपासणी आवश्यक असते. उद्दिष्टे गाठण्याच्या घाईत ती सर्वत्र झाली असेल असे म्हणवत नाही. रक्तस्राव व ओटीपोटातील वेदनांच्या तक्रारींनी ही मोहीम बदनाम झाली. १९७६ मध्ये तर महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर सक्तीची मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. ज्या राज्याने तिसऱ्या मुलानंतरच्या सक्तीची भाषा केली, त्या राज्यात पहिलेही मूल न झालेल्या जोडप्यासाठी सरकारी दवाखान्यात काय सोय होती, हे तपासून पाहावे.

या मौनाचा भंग गडचिरोलीतून झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. त्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार होते आणि त्यांपैकी निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. यातील सर्व संसर्ग लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण एकोणिसाव्या शतकातील दप्तरातून जी गायब होती, त्या सामान्य गृहिणीची गणना प्रथमच झाली. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याची व्यापक संकल्पना मान्य झाली आणि १९९७ मध्ये भारताच्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गांचा समावेश झाला. त्या घडामोडींमागे गडचिरोलीच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता.

१९८६ या वर्षाचा येथे उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. त्या वर्षी ६ ऑगस्ट रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने नलिकाबालकाचा जन्म झाला; बंद बीजवाहिन्यांना वळसा घालण्याचा मार्ग सापडला. त्याच वर्षी चेन्नईत, त्या वेळच्या मद्रासमध्ये, भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. पहिल्या घटनेचा लाभ ज्यांना परवडतो त्यांना झाला. दुसरीची झळ भिवंडीसारख्या शहरांना बसली.

भिवंडी : मागावरचा पुरुष, गावातील पत्नी

कामवारी नदीच्या काठचे हे जुने बंदर विणकरांचे गाव झाले ते प्रामुख्याने १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडउत्पादन मोठ्या प्रमाणावर इकडे वळले. १९८१ मध्ये सव्वा लाखाच्या आत असलेली शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ६ लाखांवर पोहोचली. वाढ झाली ती मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या कारागिरांमुळे. बारा तासांची पाळी, जेवण 'बिस्सी'त म्हणजे कारागिरांच्या खानावळीत, झोप एकाच खोलीत पाळीपाळीने किंवा मागाच्या शेजारी. बायको आझमगढ, मऊ, बस्ती किंवा करीमनगरकडे. मुंबईच्या गिरणगावाची शंभर वर्षांपूर्वीची घडी येथे पुन्हा घातली गेली. फरक इतकाच की सावंतवाडी किंवा साताऱ्यापेक्षा आझमगढ फार दूर आहे.

शहरातील हनुमान टेकडी ही वेश्यावस्ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. नाशिक महामार्गावरील मालमोटारी आणि वाढती गोदामे यांनी तिच्या गिऱ्हाइकांत भर घातली. एचआयव्हीच्या भीतीने शासन व सेवाभावी संस्था टेकडीवर पोहोचल्या. १९९२ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने, व २००३ नंतर 'आवाहन' प्रकल्पाने महाराष्ट्रातील अशा वस्त्यांत निरोध, नियमित तपासणी व औषधोपचार नेले. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. १८६८ च्या कायद्याशी तुलना केली तर फरक ठळक दिसतो : तेव्हा स्त्रीला डांबले जाई, आता तिच्यातूनच आरोग्यकार्यकर्त्या निवडल्या गेल्या. कारागीर व मालमोटारचालक हेही कार्यक्रमाच्या लक्ष्यगटांत आले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीला अदृश्य असलेला पुरुष अखेर दिसू लागला. मात्र एचआयव्हीच्या सावलीत परमा व क्लॅमिडिया हे 'किरकोळ' रोग ठरले. त्यांनी जीव जात नाही, हे खरे. त्यांच्यामुळे संसार मोडतो, याची नोंद कोणत्याही अहवालाच्या रकान्यात होत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाने या रोगांसाठी लक्षणाधारित उपचारपद्धती स्वीकारली. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून रंगीत पुडक्यातील औषधे द्यावयाची : मूत्रमार्गातील स्रावासाठी करड्या रंगाचे, स्त्रीच्या ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. पद्धती स्वस्त व व्यवहार्य आहे. तिच्या दोन मर्यादा मात्र प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जातात. पहिली, जिला लक्षणच नाही तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आणि बीजवाहिन्यांचे नुकसान बहुधा अशाच स्त्रियांत होते. दुसरी, जोडीदारालाही औषध मिळाले पाहिजे असा तिचा आग्रह आहे. भिवंडीतील कारागिराच्या बाबतीत हा जोडीदार दीड हजार किलोमीटरवर असतो. औषध पोस्टाने पाठवावे तर ते कशाचे, हे सांगावे लागेल. सांगितले नाही तर पुढच्या ईदेला किंवा लग्नसराईला तो गावी जाईल आणि, पहिल्या भेटीत त्याने तिला रोग दिलेला असल्यास, तो तिच्याकडून पुन्हा घेऊन परतेल. तिला मात्र चार-पाच वर्षांनी सासू दर्ग्यावर, मंदिरात आणि मग तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेईल. अपत्यहीनतेच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा संपूर्ण किंवा अंशतः वाटा असतो, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. डॉक्टरीणबाई पतीची वीर्यतपासणी करण्यास सांगतील. तो भिवंडीत असेल, पाळीवर.

प्रस्तुत लेखकास या विषयाची चर्चा भिवंडी परिसरातील वर्गात करण्याचा योग अनेकदा आला आहे. विद्यार्थिनी ऐकून घेतात आणि विचारीत नाहीत. विद्यार्थी हसतात, मग गप्प होतात. एकदा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने थांबून एवढेच विचारले की, माणूस बरा झाला असे डॉक्टरांनी सांगितले असेल तरी घरच्या बाईला तपासावे लागते का. 'हो', असे उत्तर दिले. तिने वहीत ते लिहून घेतले नाही.